चिठ्ठी आणि कुलूपबंद फाईल

१८ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी सकाळी, बिदर जिल्ह्यातल्या जलसंगी गावात आभाळातून एक मोठं यंत्र खाली आलं. हुमनाबाद तालुक्यातलं हे गाव आमच्या उदगीर-देगलूरच्या सीमेपलीकडे फार लांब नाही. घरालगत पडलेलं यंत्र, त्याला जोडलेला अवाढव्य फुगा आणि भोवती जमलेली घाबरलेली माणसं, अशी चित्रं त्या दिवशी सगळीकडे फिरली. घबराट टिकली नाही, कारण यंत्रासोबत कन्नडमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी होती. हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रानं सोडलेलं हे शास्त्रीय उपकरण आहे, हे त्यावरून गावाला कळलं आणि विषय मिटला.

१९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेलजवळच्या एका कुरणातही असंच काहीतरी पडलं होतं. चंदेरी कागद, रबराचे तुकडे, हलक्या काड्या. ८ जुलैला तिथल्या हवाई तळानं ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचं पत्रक काढलं. काही तासांतच वरिष्ठांनी ते फिरवलं आणि हा हवामानाचा साधा फुगा आहे असं सांगितलं. दोन्ही खुलासे खरे नव्हते. सोव्हिएत रशियाच्या अणुस्फोटांचे आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत ऐकू येतात का, हे तपासण्यासाठी ‘मोगुल’ नावाचा अतिगुप्त प्रकल्प चालू होता, त्यातल्या फुग्यांच्या माळेचे ते अवशेष होते. हे अमेरिकी हवाई दलानं सांगितलं १९९४ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर रॉझवेल जगभर पोचलं होतं. परग्रहावरचं यान, त्यातले मृतदेह, ते लपवून ठेवणारं सरकार, सगळं लोकांच्या मनात पक्कं बसलं होतं. खरा खुलासा आला तेव्हा तो ऐकायला फारसं कुणी तयार नव्हतं.

दोन्ही ठिकाणी पडला तो फुगाच. एकासोबत लोकांच्या भाषेतली चिठ्ठी होती, दुसऱ्याची फाईल कुलपात होती. आकाशातल्या अनोळखी वस्तूंचं गूढ बहुतेक वेळा जमिनीवरच, कुठल्यातरी कचेरीत तयार होतं, हे या पुस्तकाचं म्हणणं आहे. परग्रहावर कुणी राहतं का, हा प्रश्न त्यामुळे लहान होत नाही. उलट त्या प्रश्नाला नीट हात घालायचा तर आधी हे धुकं दूर केलं पाहिजे.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात बसून या विषयावर पुस्तक करण्याचं कारण काय, असं वाचक विचारतील. कारण आमच्या डोक्यावरच आहे. हैदराबादच्या बलून केंद्रातून पन्नासहून अधिक वर्षं शास्त्रीय फुगे सोडले जात आहेत. भाभांच्या काळात वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही परंपरा. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे ५० ते ८५ मीटर व्यासाचे असतात आणि ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. प्रवासी विमान साधारण १० ते १२ किलोमीटरवर उडतं, यावरून या उंचीची कल्पना यावी. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटनं खाली येतात, ती वाऱ्याच्या मर्जीनं तेलंगणात, उत्तर कर्नाटकात किंवा आमच्याकडच्या सीमेवरच्या शिवारांत. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी जाहीर सूचना निघते: असं काही सापडलं तर हात लावू नका, उघडू नका, पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा.

आता संध्याकाळचं गणित पाहा. ३५ किलोमीटर उंचीवरच्या वस्तूला सूर्य आपल्यापेक्षा उशिरा मावळतो. जमिनीवर दिवस मावळून सुमारे पंचवीस मिनिटं झाली, गुरं गोठ्यात आली, आभाळ जांभळं पडलं, तरी वर तो फुगा लख्ख उन्हात असतो. नेमका डोक्यावर असेल तर पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव रुंदीएवढा दिसतो. स्थिर वाटतो, आवाज नसतो, मग रंग बदलत तांबूस होतो आणि एका क्षणी विझून जातो. पहाटे हेच उलट्या क्रमानं घडतं. हा काय प्रकार आहे हे ठाऊक नसलेल्या माणसानं जे पाहिलं ते खरंच सांगितलं, तरी ऐकणाऱ्याला ते तबकडीचंच वर्णन वाटेल. साक्षीदाराला वेडा किंवा खोटारडा ठरवण्याची घाई या विषयात फार होते. आम्हाला ती घाई मान्य नाही. पाहणारा बहुधा खरं सांगत असतो. त्याच्यापाशी नसते ती माहिती, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणापाशी असते.

माहिती दुसऱ्यापाशी राहिली की काय होतं, याचं सर्वांत दुःखद उदाहरण ७ जानेवारी १९४८ चं आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यावर एक चमकती, गोल वस्तू दिसली. कॅप्टन थॉमस मँटेल हा लढाऊ वैमानिक तिच्या मागे वर वर जात राहिला. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. तो बेशुद्ध पडला असावा, विमान कोसळलं आणि तो गेला. सुरुवातीला तो शुक्राच्या मागे लागला होता असं सांगण्यात आलं. पुढे अधिक पटणारं उत्तर समोर आलं: अमेरिकी नौदलाचा ‘स्कायहूक’ नावाचा महाकाय फुगा. हा प्रकल्प तेव्हा गुप्त असल्यामुळे त्या वैमानिकाला किंवा तळावरच्या नियंत्रकांना त्याची कल्पनाच नव्हती. म्हणजे एकाच देशाच्या एका दलानं सोडलेल्या वस्तूचा पाठलाग करताना दुसऱ्या दलाचा माणूस मेला. गुप्ततेची किंमत मोजायची वेळ येते तेव्हा ती शत्रूच मोजतो असं नाही.

या विषयाचा सरकारी इतिहास अमेरिकेत सर्वांत जाड आहे, म्हणून नवख्या वाचकासाठी तो थोडा मांडतो. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या हौशी वैमानिकानं माउंट रेनियरजवळ नऊ वेगवान वस्तू पाहिल्या आणि वर्तमानपत्रांतून ‘उडत्या तबकड्या’ जगभर पोचल्या. हवाई दलानं १९४८ मध्ये ‘साइन’, १९४९ मध्ये ‘ग्रज’ आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’ असे तपास प्रकल्प चालवले. १९६९ च्या अखेरीस ‘ब्लू बुक’ बंद झाला तेव्हा दफ्तरात १२,६१८ नोंदी होत्या, त्यांतल्या ७०१ ‘अनोळखी’ राहिल्या. हे दोन आकडे या विषयात सतत भेटतात. एक बाजू पहिल्याकडे बोट दाखवते, दुसरी बाजू दुसऱ्याकडे. आमच्या मते त्यांच्याकडे पाहण्याआधी १९५३ चा जानेवारी पाहायला हवा. तेव्हा सीआयएनं भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसवली. चार दिवसांत तिनं ठरवलं की या वस्तूंपासून देशाला थेट धोका नाही, धोका आहे तो अफवांच्या पुरात संरक्षणाच्या संदेशयंत्रणा तुंबण्याचा, तेव्हा लोकांच्या मनातलं या विषयाचं आकर्षण कमी करावं. तिथून तपासाचा हेतू बदलला. काय दिसलं हे शोधण्यापेक्षा लोकांना गप्प बसवणं महत्त्वाचं झालं. हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ सुरुवातीपासून हवाई दलाचे सल्लागार होते आणि बहुतेक घटना ताऱ्या-ग्रहांच्या नावावर लावत होते. वीस वर्षं हे काम केल्यावर तेच उघडपणे म्हणू लागले की तपास शास्त्रीय नव्हता.

१९५५ मध्ये यू-२ हे हेरगिरीचं विमान उडू लागलं. ते साठ हजार फुटांच्या वर जाई. मावळतीला त्याचे चंदेरी पंख उन्हात पेटल्यासारखे दिसत आणि खालच्या विमानांतून जाणाऱ्या वैमानिकांकडून तक्रारी येत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीआयएच्या इतिहासलेखात म्हटलं आहे की पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा गुप्त विमानांच्या होत्या. हे प्रमाण काही अभ्यासकांना फुगवलेलं वाटतं, आम्हालाही थोडं वाटतं. पण त्या लेखातली दुसरी कबुली महत्त्वाची आहे. खरं कारण ठाऊक असूनही तपास अधिकाऱ्यांनी लोकांना बर्फाचे स्फटिक, तापमानाचे थर अशी खोटी कारणं दिली. ऐंशीच्या दशकात तर हवाई दलाच्या गुप्तचरांनी न्यू मेक्सिकोतल्या पॉल बेनेविट्झ या गृहस्थांना परग्रहवासीयांच्या खोट्या कागदपत्रांचा रतीब घातला, कारण ते किर्टलंड तळावरच्या गुप्त प्रयोगांचे दिवे पाहून प्रश्न विचारत होते. त्या माणसाचं मानसिक आरोग्य उद्ध्वस्त झालं. सरकारनं परग्रहवासी लपवले असं मानणाऱ्यांना इथं एक उलटी गोष्ट दिसेल. स्वतःचं यंत्र लपवण्यासाठी सरकारनं परग्रहवासी पुढे केले.

दुसरे देश वेगळ्या वाटेनं गेले. फ्रान्सनं १९७७ मध्ये हा तपास लष्कराकडे न देता आपल्या अंतराळ संस्थेकडे, तुलूझला, दिला. ते कार्यालय आजही चालू आहे आणि २००७ पासून त्याच्या फायली कुणालाही वाचता येतात. काही नोंदींना उत्तर नाही, आणि तसं तिथं लिहिलेलं आहे. ब्रिटनच्या संरक्षण खात्यात यासाठी एक टेबल होतं, ते २००९ मध्ये बंद केलं आणि कागद टप्प्याटप्प्यानं राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवले. रशियात सप्टेंबर १९७७ मध्ये पेत्रोझावोद्स्क शहरावर तेजाची जेलीफिश तरंगताना शेकडो लोकांनी पाहिली. ती प्लेसेत्स्क तळावरून सुटलेल्या रॉकेटची करामत होती. पण त्या तळाचं अस्तित्वच तेव्हा गुपित, मग लोकांना कारण सांगणार कसं? पुढच्या वर्षी सोव्हिएत सरकारनं तपास सुरू केला, तोही गुप्तच. त्याच सुमारास ग्रेनाडासारख्या चिमुकल्या देशाचे पंतप्रधान एरिक गेरी हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत घेऊन गेले होते. डिसेंबर १९७८ मध्ये सदस्य देशांनी आपापल्या पातळीवर संशोधनाची व्यवस्था करावी असा निर्णय झाला, आणि तो कागदावर राहिला.

अभ्यासकांचेही गट पडले. डोनाल्ड कीहो यांच्यापासून सुरू झालेला एक गट म्हणतो की पाहुणे आले आहेत आणि सरकारला ते ठाऊक आहे. डोनाल्ड मेंझेल, फिलिप क्लास यांचा दुसरा गट प्रत्येक घटनेला ग्रह, ढग, विमान किंवा थाप यांपैकी काहीतरी लावतो. मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९५८ मध्ये तिसरी वाट दाखवली: आकाशात काय आहे त्यापेक्षा माणसाच्या मनाला तिथं काय दिसावंसं वाटतं ते तपासा. झाक व्हॅले यांनी पुढे परीकथा आणि दैवी दर्शनांच्या जुन्या हकिकतींशी याचं नातं जोडलं. चौथा गट कागद शोधणाऱ्यांचा. हे लोक आभाळाकडे कमी आणि अभिलेखागारांकडे जास्त पाहतात. आम्ही या शेवटच्या गटाच्या जवळचे आहोत. मेंझेल-क्लास यांचा अभ्यास उपयोगी पडतो, पण त्यांच्या लेखनात साक्षीदाराविषयीची तुच्छता आम्हाला खटकते. खेड्यातल्या माणसाचं आभाळाशी नातं शहरातल्यापेक्षा जुनं आणि रोजचं असतं. त्यानं ‘हे नेहमीचं नाही’ म्हटलं तर ते ऐकावं.

भारतात ‘ब्लू बुक’सारखं काही लोकांसमोर आलं नाही. आपल्याकडची गुप्तता कटकारस्थानाची कमी आणि मौनाची जास्त आहे. १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लडाख, नेपाळ, सिक्कीम आणि भूतानवर तेजस्वी वस्तू दिसल्याच्या, आणि पोखराजवळ बाल्टीचौर इथं एका खड्ड्यात धातूची तबकडीसारखी वस्तू सापडल्याच्या हकिकती आहेत. त्या आपण वाचतो सीआयएच्या मोकळ्या केलेल्या कागदांत. आपल्या हिमालयातली घटना आपल्याला परक्या दफ्तरातून कळावी, याची आम्हाला मनापासून खंत आहे.

लडाखची अलीकडची घटना मात्र चांगली नोंदली गेली. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांनी अनोळखी प्रकाशमान वस्तू ३२९ वेळा पाहिल्या आणि त्यांतल्या १५५ वेळा त्या प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्याचं नोंदवलं. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. रडार, संरक्षण संशोधन संस्था, तांत्रिक गुप्तचर, सगळे कामाला लागले. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जवानांकडून वेळ आणि दिशा नीट लिहून घेतली तेव्हा उत्तर निघालं: गुरू आणि शुक्र. समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवरच्या निर्मळ हवेत हे ग्रह असे काही झळाळतात की मैदानातून गेलेल्या माणसाला ते ओळखू येऊ नयेत. यावर हसणाऱ्यांची आम्हाला चीड येते. उणे तापमानात उभं राहून, शत्रूच्या दिशेला हलणारा दिवा दिसल्यावर त्याची नोंद करणं हे जवानाचं कर्तव्यच आहे, आणि त्यांनी ती केली म्हणूनच उत्तर सापडलं.

सगळीकडे असं झालं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पोर्ट ब्लेअरच्या आकाशात एक मोठा पांढरा फुगा तासन्‌तास दिसत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेनं चिनी फुगा पाडला, तेव्हा लोकांना अंदमानच्या त्या फुग्याची आठवण झाली. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली, उड्डाणं थांबली, विमानं वळवली गेली. हवाई दलाच्या पूर्व विभागानं संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केल्याचं आणि ती वस्तू पुन्हा दिसली नसल्याचं जाहीर केलं. इतकंच. ९ मार्च २०२२ ची गोष्ट आणखी गंभीर. पाकिस्ताननं ‘अतिवेगवान उडती वस्तू’ आपल्या हद्दीत मियाँ चन्नूला पडल्याचं सांगितलं आणि ११ मार्चला आपल्या संरक्षण मंत्रालयानं मान्य केलं की ते चुकून सुटलेलं आपलंच क्षेपणास्त्र होतं. दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये दोन दिवस एक वस्तू अनोळखी राहिली. हा विषय करमणुकीचा नाही असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ चा दिवस विसरणं शक्य नाही. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी जळत्या तुकड्यांची एक रांग आभाळ ओलांडताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं तीनेक मीटर व्यासाचं कडं पडलं, पवनपारला धातूचा गोळा सापडला. आधी उल्का म्हटलं गेलं, मग न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचे अवशेष म्हटलं गेलं. अखेर मागमूस लागला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या ‘चांग झेंग-३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा. इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन गेले. ही ओळख पटली ती जगभरचे हौशी आणि व्यावसायिक निरीक्षक कक्षांच्या नोंदी उघड्यावर ठेवतात म्हणून. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा अवशेषांनी नुकसान केलं तर सोडणारा देश भरपाईला बांधील असतो. पण देश कोणता हेच कळलं नाही तर भरपाई मागायची कुणाकडे? लाडबोरीचं कडं मोकळ्या जागेत पडलं. ते एखाद्या घरावर पडलं असतं तर या प्रश्नाला काय वजन आलं असतं!

मराठवाड्याचं आभाळ तर नेहमीच संशयाचं राहिलं आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची लँकेस्ट्रियन विमानं कराचीहून निजामासाठी शस्त्रं घेऊन रात्री बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत होती. नाकेबंदी फोडून येणाऱ्या या विमानांचा आवाज रझाकारांच्या धाकात राहणाऱ्या गावांना काय वाटला असेल, याची कल्पनाच करावी. कॉटनला पुढे इंग्लंडच्या न्यायालयानं दोनशे पौंड दंड केला. अलीकडच्या काळात पावसाच्या खंडात दिसणारं विमान ‘ढग पळवतं’ अशी बोलवा आमच्याकडे आहे. २०१५ आणि २०१९ च्या दुष्काळात औरंगाबादहून कृत्रिम पावसाची विमानं उडाली, सोलापुरात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ढगांवरचे प्रयोग झाले. कुठलं विमान, कधी, कुठल्या ढगात, काय फवारून आलं, हे गावाला मराठीत कुणी सांगितलं नाही. पीक करपत असताना माणूस रिकाम्या जागेत कारण भरतोच. २०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, बीड, जालना जिल्ह्यांत रात्री ड्रोनच्या घिरट्या दिसू लागल्या. चोर टेहळणी करतात या भीतीनं गावंच्या गावं जागली. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर ड्रोन फिरल्याचा विषय विधिमंडळात गेला. ड्रोन नियमावली २०२१ पासून लागू आहे, तिच्याखाली नोंदणी आणि परवानगीची चौकट आहे. तरी रात्री अकराला आपल्या आखाड्यावरून काय गेलं, हे शेतकऱ्यानं कुणाला विचारायचं?

आमच्याच भागात याला एक चांगलं उत्तरही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणीनं लोक घराबाहेर झोपू लागले. प्रशासनानं भूकंपशास्त्राच्या केंद्रातली माणसं आणली, उपकरणं बसवली आणि हे सौम्य धक्क्यांचे आवाज आहेत असं सांगितलं. भीती पूर्ण गेली नाही, पण तिला नाव मिळालं. जमिनीखालच्या आवाजासाठी जी तत्परता दाखवता येते ती आकाशातल्या दिव्यासाठी का दाखवता येऊ नये, असं आम्हाला वाटतं.

परग्रहावरच्या जीवनाचा शोध आणि तबकड्यांची अफवा यांत किती अंतर आहे, ते समजायला जयंत नारळीकरांइतका चांगला वाटाड्या मराठी वाचकाला दुसरा नाही. २० मे २०२५ ला ते गेले. पृथ्वीबाहेरचे सूक्ष्मजीव वातावरणाच्या वरच्या थरांत येऊन पोचत असतील का, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे घेतला, आणि त्यासाठी वापरला तो हाच हैदराबादचा फुगा. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ ला इस्रोच्या साहाय्यानं निर्जंतुक नळकांडी घेऊन फुगा वर गेला आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. दुसऱ्या खेपेचे नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू नवे निघाले, त्यांतल्या एकाला फ्रेड हॉइल यांचं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं नाव दिलं गेलं. ते बाहेरून आले हे सिद्ध झालं नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. ‘यक्षांची देणगी’ लिहिणाऱ्या माणसानं कल्पनेला कथेत मोकळं सोडलं आणि प्रयोगशाळेत पुराव्याच्या दावणीला बांधून ठेवलं. आमच्या डोक्यावरून एक फुगा चाळीस किलोमीटर उंचीवर खरोखर परग्रहीय जीवनाचा माग काढत होता, आणि त्याचं सगळं काम छापून आलेलं आहे. त्यापेक्षा रोमांचक हकिकत कुठल्या गुप्त फायलीत असेल असं आम्हाला वाटत नाही.

हा विषय आत्ताच घेण्याचं कारण म्हणजे आभाळातली गर्दी. २०१९ पासून स्टारलिंकच्या उपग्रहांच्या माळा संध्याकाळी सरळ रेषेत जाताना दिसतात आणि दर वेळी गावोगाव फोन वाजतात. लग्नात, फवारणीत, सर्वेक्षणात ड्रोन आहेत. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात सीमेवर ड्रोनच्या झुंडी आल्या आणि आकाशातल्या प्रत्येक दिव्याकडे संशयानं पाहण्याची वेळ सामान्य माणसावर आली. अमेरिकेतही हा विषय पुन्हा कचेऱ्यांत आला आहे. जून २०२१ च्या गुप्तचर अहवालात १४४ नोंदी होत्या आणि खात्रीनं ओळख पटली ती एकाच वस्तूची. तो हवा जात चाललेला मोठा फुगा होता. जुलै २०२३ मध्ये डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्यानं काँग्रेससमोर शपथेवर सांगितलं की सरकारनं परकी यानं ताब्यात ठेवली आहेत. मार्च २०२४ च्या पेंटागॉनच्या अहवालानं असा कुठलाही पुरावा नसल्याचं म्हटलं. पण सत्तेचाळीस वर्षं मोगुल लपवणाऱ्या संस्थेनं ‘काही नाही’ म्हटल्यावर लोकांनी लगेच विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. गमावलेला विश्वास एका अहवालानं परत येत नाही.

आम्ही गुप्ततेच्या विरोधात नाही. उमरीच्या माणसाला गुप्ततेचं मोल सांगायची गरज नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी इथल्या बँकेवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनी घातलेला छापा गुप्तता पाळल्याशिवाय झालाच नसता. पण त्या पैशाचा हिशेब पुढे चळवळीनं दिला. काम होईपर्यंत गुपित आणि काम झाल्यावर हिशेब, एवढीच आमची मागणी आहे. आजचा कायदा तिथपर्यंत पोचत नाही. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा, इंग्रजांचा. २००५ च्या माहिती अधिकारात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्याची तरतूद आहे, पण सुरक्षेचं कारण वीस वर्षांनंतरही पुढे करता येतं. संरक्षण संशोधन आणि तांत्रिक गुप्तचर संस्था तर मुळातच बहुतांशी या कायद्याबाहेर आहेत. लडाखमध्ये दिसलेला शुक्र नेमका कुठल्या कारणानं गुपित राहावा, हे आम्हाला समजत नाही.

या संग्रहातले लेख शिक्षकांनी, एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यानं, आकाशनिरीक्षणाचा नाद असलेल्या तरुणांनी आणि दोन वकिलांनी लिहिले आहेत. पहिला भाग जगाच्या दफ्तरांचा आहे आणि तो मुद्दाम आटोपशीर ठेवला. मधला, सर्वांत मोठा भाग आपल्याकडच्या घटनांचा. तिथं उत्तर मिळालेल्या आणि न मिळालेल्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि न मिळालेल्यांना ओढूनताणून शुक्राच्या किंवा परग्रहाच्या खात्यावर घातलेलं नाही. शेवटचा भाग कायद्याचा आणि नोंदीचा. तबकड्या आहेत असं सिद्ध करणारं पुस्तक ज्यांना हवं असेल त्यांची निराशा होईल, आणि असं काही नसतंच असं म्हणणाऱ्यांचीही काही पानांवर होईल.

अखेरच्या पानावर नोंदीचा एक नमुना आहे. तो झेरॉक्स करून घ्यावा. तारीख, घड्याळातली वेळ, आपण कुठं उभे होतो, कुठल्या दिशेला दिसलं, क्षितिजापासून हात लांब करून किती मुठी वर, किती वेळ, आवाज होता का, वारा कुठून होता, सोबत कोण होतं. काय असावं याचा अंदाज वेगळ्या रकान्यात, सर्वांत शेवटी. एक प्रत पोलीस ठाण्यात किंवा तहसील कार्यालयात द्यावी आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी.

उमरी, जि. नांदेड